माझी क्रियापदं परत द्या : एका दिवाळी अंकाच्या संपादक मंडळाला खुलं पत्र

संपादक मंडळ आणि विज्ञानकथा स्पर्धेचे परीक्षक यांना,

स. न. वि. वि.

हे सगळं मी आधी मेलवर लिहिलं होतं, दोनदा. पहिल्या मेलला 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं ठरलेलं उत्तर आलं, दुसऱ्याला तेवढंही नाही. म्हणून आता चार लोकांसमोर बोलते. तुमच्या अंकाचं नाव इथे घालत नाही, कारण नाव घातलं की लोक अंकाच्या बाजूने किंवा विरुद्ध भांडत बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला. तुम्हाला कळेल हे तुम्हालाच आहे, आणि अजून दोन-तीन संपादकांना उगाच ठसका लागला तर लागू दे.

आधी मी कोण ते सांगते. मूळची कोल्हापूर जिल्ह्यातली, आता पुण्यात, एका औषध कंपनीत क्यूसीला आहे, म्हणजे दिवसभर एचपीएलसी मशीनसमोर बसून गोळीत जे असायला पाहिजे ते तेवढंच आहे का हे बघायचं. तुमचा अंक मी सातवीपासून वाचते, तेव्हा तालुक्याच्या वाचनालयात दिवाळीनंतर महिनाभर नंबर लावावा लागायचा. नोकरी लागल्यावर पहिली वर्गणी भरली ती तुमची. आणि मी ट्रान्स बाई आहे. हे शेवटी लिहिलं कारण ओळख करून देताना मी ते शेवटीच सांगते, पण तुम्हाला मात्र नेहमी तेच पहिलं हवं असतं. त्यावर पुढे येतेच.

निमित्त यंदाच्या निकालाचं. मी कथा पाठवली होती, ती नाकारली, त्याचं दुःख नाही, याआधी चार नाकारल्यात आणि त्यातल्या तीन खरंच वाईट होत्या. पण यावेळी कारण लिहून आलं. 'विषय हृदयस्पर्शी आहे, मात्र तृतीयपंथीयांचे प्रश्न हा सामाजिक विषय असून कथेत विज्ञानाचा अंश आढळत नाही.' आणि वर, पुढच्या वर्षीच्या नियमांत तुम्ही एक नवीन कलम टाकलंत, की 'निव्वळ सामाजिक विषयांवरील (उदा. जातिभेद, तृतीयपंथी, हुंडा) कथा पाठवू नयेत'. हे कलम वाचलं आणि मग गप्प बसवेना.

तर आता कथेत विज्ञान होतं का नव्हतं ते लोकांनाच ठरवू दे. माझी नायिका पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका स्टेशनवर पाणी शुद्ध करायचं काम बघते. ती ट्रान्स आहे, ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झालीत, म्हणजे तिच्या शरीरात स्वतःचं लैंगिक हॉर्मोन जवळजवळ बनत नाही, इस्ट्रोजेन बाहेरून घ्यावं लागतं. सामान घेऊन येणारं यान लांबतं, आधी दोन महिने, मग सहा. आता वजनरहित अवस्थेत माणसाची भार पेलणारी हाडं महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का घनता गमावतात, हे अंतराळवीरांवर मोजलेलं आहे, म्हणून तर ते रोज दोन-दोन तास व्यायाम करतात. आणि इस्ट्रोजेन नसेल तर जमिनीवरसुद्धा हाडं ठिसूळ होतात, पाळी गेलेल्या कुठल्याही बाईला विचारा. म्हणजे तिच्या हाडांवर दोन्हीकडून मार. स्टेशनवर एक छोटी हरितगृहाची खोली आहे, तिथे एक रानटी कंद लावलाय, दुसऱ्याच कुठल्यातरी प्रयोगासाठी. त्या जातीच्या कंदांत डायोस्जेनिन असतं, ज्यापासून हॉर्मोन बनवता येतात. रसेल मार्कर नावाच्या केमिस्टने १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या अशाच कंदापासून प्रोजेस्टेरॉन बनवलं होतं आणि जगातला हॉर्मोनचा धंदा बदलून टाकला होता. माझी नायिका तिथून सुरुवात करते आणि पुढच्या पायऱ्या यीस्टकडून करून घेते, आणि ते यीस्ट पाण्याच्या टाकीत चोरून वाढवते कारण कमांडरला सांगायचं तर तिला सांगावं लागेल की का. चार पानं नुसती केमिस्ट्री आहे हो त्यात. माझ्या एका कलीगने वाचून सांगितलं की जरा कमी कर, झोप येते.

हे सामाजिक, आणि गेल्या वर्षी पहिलं बक्षीस मिळालेली कथा वैज्ञानिक. ती कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते : एक शास्त्रज्ञ आहे, बायकोला तुच्छ लेखतो, असिस्टंट बाईला छळतो, मग ती असिस्टंट सूड म्हणून त्याला एका चेंबरमध्ये ढकलते आणि बटण दाबते आणि तो बाई होऊन बाहेर येतो. कसा ते नाही सांगितलेलं. 'गुणसूत्रांची पुनर्रचना' एवढे दोन शब्द, बस. मग तो साडीत अडखळतो, त्याची भाकरी करपते, बसमध्ये कुणीतरी त्याला धक्का मारतं, त्याला धडा मिळतो, परत चेंबर, परत बटण, आणि शेवटच्या वाक्यात मिशीवरून हात फिरवत सुटकेचा निःश्वास. माझ्या कंदाला विज्ञान नाही आणि या बटणाला आहे.

आता माझी खरी तक्रार सुरू होते, आधीचं नुसतं रागाचं होतं.

या प्रकारच्या कथा मराठीत मी लहानपणापासून वाचत आले आणि इंग्रजी यायला लागल्यावर तिकडेही तेच दिसलं, की आमच्यासारख्यांचं आयुष्य म्हणजे एक क्षण असतो. झटका. धूर निघतो, वीज चमकते, आरशात बघून किंकाळी. लेखकाला फक्त तो क्षण पाहिजे असतो, त्याच्या आधीची वीस वर्षं नकोत आणि नंतरची चाळीस नकोत. आणि तो क्षण कायम दुसऱ्या कुणीतरी लादलेला, शिक्षा म्हणून, गंमत म्हणून, अपघात म्हणून. स्वतःहून मागितलेला जवळजवळ कधीच नाही. खरं कसं असतं सांगू? हळू. इतकं हळू की कंटाळा येतो. गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही आठवडे काहीच दिसत नाही, मग त्वचा जरा मऊ लागते आणि तुम्ही दिवसातून दहा वेळा स्वतःच्या हाताला हात लावून बघता की खरंच का वाटतंय मला. आवाज तर गोळ्यांनी बदलतच नाही, एकदा फुटला तो फुटला, मी दीड वर्ष मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकत सराव केलाय, रूममेटला वाटायचं मी आरजे व्हायचं म्हणते. लेझरला दर दीड महिन्याने. आणि कागदं! २०१४ साली सुप्रीम कोर्टाने नालसा खटल्यात सांगितलं की आपलं लिंग आपण ठरवायचं, मग २०१९ चा कायदा आला आणि त्यात जिल्हाधिकाऱ्याकडून दाखला घ्यायची पद्धत आली, मग राजपत्रात नाव, आधार, पॅन, बँक, आणि एवढं करून दहावीच्या मार्कशीटवर जुनं नाव तसंच. तुमच्या शास्त्रज्ञाच्या चेंबरमध्ये एवढं तंत्रज्ञान आहे तर त्याने बाहेर पडल्यावर एकदा तरी बँकेत केवायसी करायला जाऊन दाखवावं. ती कथा मी आनंदाने वाचीन.

आणि तुम्ही म्हणाल की हे आपल्या परंपरेत नाही, पाश्चात्त्यांचं खूळ आहे, असं तुमच्या एका परीक्षकांनी फेसबुकवर लिहिलंच होतं. परंपरेचंच बोलूया. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला भंगास्वनाची गोष्ट सांगतो. राजा, शंभर मुलांचा बाप, इंद्राचा रोष होतो, शिकारीला गेलेला असताना तळ्यात उतरतो आणि बाई होऊन बाहेर येतो. इथपर्यंत तुमचीच कथा, चेंबरऐवजी तळं एवढाच फरक. पण पुढे बघा. तो, म्हणजे ती, राज्य मुलांना देऊन वनात जाते, एका तापसाबरोबर राहते, तिला अजून शंभर मुलं होतात, मग इंद्र त्या सगळ्या मुलांत भांडण लावून देतो आणि सगळे मरतात. शेवटी इंद्र प्रसन्न होतो, कुठली मुलं जिवंत करू विचारतो, ती म्हणते बाई असताना झालेली. मग इंद्रच सगळी उठवतो आणि विचारतो, तुला परत पुरुष करू का? आणि ती नाही म्हणते. राहू दे म्हणते, अशीच बरी आहे. (तिने दिलेलं कारण मी इथे लिहीत नाही, दिवाळी अंक घरातली लहान मुलंही वाचतात, तुम्हीच वाचा.) शिक्षा म्हणून झालेला बदल आणि माणसाने तो आपला म्हणून ठेवून घेतला. तुमच्या पहिल्या बक्षिसापेक्षा ही गोष्ट शेकडो वर्षं जुनी आहे आणि तरी पुढे आहे.

आमच्याकडे तर पुस्तकाचीसुद्धा गरज नव्हती. सौंदत्तीला जाणाऱ्या गाड्या आमच्या गावावरनं जायच्या, डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेतलेले, यल्लम्माला वाहिलेले बायकांच्या वेशातले जोगते दारात यायचे, आज्जी परडीत जोंधळे घालायची आणि 'यल्लूआईचं लेकरू' म्हणायची. मला त्यांच्याकडे बघताना भीतीही वाटायची आणि नजर हलायचीही नाही. मराठीत लिंगाच्या पलीकडचा माणूस दिसतो तो एवढाच, एकतर देवाचा किंवा सिग्नलवरचा. ट्रान्स कवयित्री दिशा पिंकी शेख यांच्या कवितांनी त्यात खूप मोठी भर घातली, पण ते आजचं जगणं आहे. उद्याचं कोण लिहिणार? जोगत्याच्या पुढच्या पिढीतलं पोर स्टेशनवर पाणी शुद्ध करतंय हे लिहायला विज्ञानकथेशिवाय दुसरी जागा नाही आणि तुम्ही त्या जागेच्या दारावरच पाटी लावलीत.

दुसरी तक्रार जुनी आहे पण सगळ्यात जास्त ठुसठुसते ती हीच.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही माझी एक कथा छापली होती. आभार मानले होते तेव्हा, आजही मानते. त्यात एक बाई आपलं लहानपण सांगते, प्रथमपुरुषात, आणि मी सगळीकडे 'मी पळाले, मी पडले, मी रडले' असं लिहिलं होतं. छापून आलं तेव्हा ऑपरेशनच्या आधीच्या सगळ्या प्रसंगांत 'पळालो, पडलो, रडलो' आणि नंतरच्या प्रसंगांत 'ले'. ३९ ठिकाणी, मी मोजलं. मला न विचारता. फोन केला तर प्रूफ बघणारे काका अगदी प्रेमाने म्हणाले, 'अगं व्याकरणाची चूक होती ना, तेव्हा तो मुलगाच होता.' काकांवर माझा राग नाही, त्यांनी मला 'अगं' म्हटलं. पण त्या ३९ जागी माझी कथा मेली. कारण कथा एवढंच म्हणत होती की ती आधीपासून तीच होती. तुम्ही क्रियापदं बदलून तिला परत चेंबरमध्ये घातलंत आणि बटण दाबलंत.

हे फार छोटं वाटत असेल तर ऐका. आमच्या कोल्हापूरकडे बायकाच 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. आई म्हणायची 'आलो गं', आज्जी म्हणायची 'जेवतो आता', बहिणी, मैत्रिणी, सगळ्या. त्यामुळे मी 'आलो' म्हटलं की मी मुलांसारखं बोलते का बायकांसारखं हे कुणालाच कळायचं नाही. मलाच कळत होतं, आणि ते माझं गुपित होतं, मी आईसारखं बोलतेय. अकरावीला पुण्यात आले आणि पहिल्यांदा लक्षात आलं की इथे दर वाक्याला दरवाजा आहे, 'लो' का 'ले'. 'लो' तोंडातून निघेना आणि 'ले' म्हणायची हिंमत नव्हती. मग काय केलं, मी वाक्यंच अशी जुळवायला लागले की दोन्ही लागणार नाही. 'जेवलो' नाही, 'जेवलेही' नाही, 'जेवण केलं'. 'थकलो' नाही, 'मला थकवा आलाय'. 'जाऊन आलो' नाही, 'जाऊन येणं झालं'. मित्रांना वाटायचं हा जरा जास्तच शुद्ध बोलतो. समोरच्याने मात्र 'कुठे होतास' म्हटलं की संपलंच, ते काही माझ्या हातात नव्हतं. म्हणून मला ऑफिसातलं 'तुम्ही आलात का' फार आवडतं, मराठीत मान दिला की लिंग गळून पडतं. सहा वर्षं मी असं बोलले. आणि तेव्हाच कळलं की भविष्यकाळात काही करावंच लागत नाही. मी जाईन. मी करीन. मी येईन. बाई असो, बाप्या असो, कुणी असो, मराठी भविष्यकाळात विचारतच नाही. मला त्या वयात विज्ञानकथा एवढ्या का आवडायला लागल्या याचं कारण मला आत्ता हे लिहिताना नीट कळतंय.

आता या व्याकरणाच्या प्रश्नावर जगभरच्या विज्ञानकथाकारांनी डोकं फोडलंय, तुम्हाला माहीत असेल असं मी धरून चालले होते. उर्सुला ल ग्विन यांनी १९६९ मध्ये 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' लिहिली, तिथल्या गेथेन ग्रहावरची माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना बाई ना पुरुष असतात आणि थोड्या दिवसांपुरती दोन्हीपैकी काहीही होऊ शकतात, राजालाही दिवस जातात. ह्यूगो आणि नेब्युला, विज्ञानकथेचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. पण सगळ्यांना सर्वनाम लावलं 'तो', आणि वाचणाऱ्यांना ती सगळी माणसं पुरुषच दिसत राहिली. यावर टीका झाली तेव्हा आधी त्यांनी समर्थन केलं, नंतर मत बदललं आणि तसं लिहून मोकळ्या झाल्या. त्याच ग्रहावरची जुनी एक कथा १९७५ च्या संग्रहात घेताना 'तो'च्या जागी 'ती' केलं. स्वतःच्या कथेत, स्वतःच्या हाताने. मग २०१३ मध्ये ॲन लेकी यांनी 'अन्सिलरी जस्टिस'मध्ये अख्खं साम्राज्य असं उभं केलं की ज्यांच्या भाषेत लिंगच नाही, आणि निवेदक सगळ्यांना 'ती' म्हणतो, सेनापतीलासुद्धा. वाचताना पहिली पन्नास पानं चिडचिड होते, मग ती चिडचिड आपली आपल्यालाच दिसते. तिकडे नुसत्या सर्वनामावर एवढं. आपल्याकडे तर क्रियापद, विशेषण, सगळ्याला लिंग, शिवाय तिसरं नपुंसकलिंगही आहे, आणि ते कमीपणाचंच असतं असंही नाही, 'ते लेकरू', 'ते पोर' आपण मायेनेच म्हणतो, मालवणीत मुलीला 'ता चेडू' म्हणतात, आणि गोव्याच्या कोंकणीत लहान मुलीला 'तें'च. एवढी श्रीमंती हातात असलेल्या भाषेत या विषयावर जगाला दाखवावी अशी विज्ञानकथा व्हायला पाहिजे होती. झालं काय, तर प्रूफ बघणाऱ्या काकांनी ३९ दुरुस्त्या केल्या.

तिसरी गोष्ट, माझ्या त्या छापलेल्या कथेबरोबरचं चित्र. अर्धा चेहरा मिशीचा, अर्धा लिपस्टिकचा, मधून वीज. जास्त बोलत नाही. आईने तो अंक शेजाऱ्यांना दाखवायचा म्हणून दोन प्रती घेतल्या होत्या, त्या अजून कपाटात आहेत.

चौथी. कथा स्वीकारल्यावर तुमच्याकडून फोन आला की परिचयात 'स्वतः तृतीयपंथी असलेल्या लेखिका' असं टाकू, वाचकांना आवडतं, आणि मग जरा आवाज खाली आणून, 'ऑपरेशन झालंय ना?' मी हसून विषय बदलला. का बदलला माहीत नाही, आता वाटतं की तेव्हाच बोलायला हवं होतं. तुम्ही परग्रहावर कथा लिहिणाऱ्याला 'जाऊन आलात ना?' असं विचारत नाही.

ही चौकशी किती लांब जाते त्याचं एक उदाहरण आहे. २०२० च्या जानेवारीत 'क्लार्क्सवर्ल्ड' या अमेरिकेतल्या नावाजलेल्या विज्ञानकथा मासिकात एक कथा आली, आमच्यासारख्यांची टिंगल करायला 'मग मीही स्वतःला हेलिकॉप्टर समजतो' असा विनोद करतात, त्यालाच उलटं पकडून लिहिलेली. लेखिका नवीन, परिचयात जवळजवळ काही नाही. आणि लोक तुटून पडले, ही कोण, ही खरंच बाई आहे का, हा कुणीतरी द्वेष्टाच असणार. त्यात ट्रान्स वाचकही होते बरं का, हे लपवण्यात अर्थ नाही. शेवटी संपादकांना जाहीर करावं लागलं की लेखिका ट्रान्स आहे, आणि तिच्याच सांगण्यावरून कथा काढून टाकली. कथा पुढच्या वर्षी ह्यूगोच्या अंतिम यादीत गेली, पण लेखिकेने त्याआधीच लिखाणातून पाय मागे घेतला होता. म्हणजे कथा वाचायच्या आधी लेखकाचं शरीर तपासायचं हा रोग फक्त तुमचा नाही.

त्यावर इलाज मात्र आपल्या घरातलाच आहे. जयंत नारळीकरांनी सत्तरच्या दशकात मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती स्वतःच्या नावाने नाही, 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. एवढा मोठा माणूस, पण त्यांना पाहिजे होतं की परीक्षकांनी कथा वाचावी, नाव नाही. पहिलं बक्षीस मिळालं. तुमच्या अंकात दरवर्षी त्यांच्यावर लेख असतो, हा किस्सा त्यात हमखास असतो, आणि स्पर्धेच्या फॉर्मवर मात्र पहिलाच रकाना नाव, दुसरा वय, तिसरा लिंग, 'पु./स्त्री'. कथास्पर्धेला लिंग कशाला लागतं हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग तुम्हाला पाहिजे तरी काय, सगळे गोड गोड? नाही. मला गोडाचाही त्रास होतो. इयन बँक्स यांच्या 'कल्चर' नावाच्या विज्ञान कादंबऱ्यांच्या मालिकेत माणसं नुसतं मनात आणून सावकाश आपलं शरीर बदलतात, कुणी काही विचारत नाही, वाचताना मला हेवा वाटतो, अगदी पोटातून. पण मग तिथे माझ्यासारखी कुणी उरतच नाही, कारण अडथळाच नाही तर त्याला ओलांडणाराही नाही. अशा सोयीच्या स्वर्गातसुद्धा आम्ही गायब आणि तुमच्या चेंबरच्या कथेतही गायब, हे मला फार विचित्र वाटतं. त्यापेक्षा १९०४ सालचं एक जुनं बालपुस्तक मला जवळचं. ओझच्या मालिकेतलं दुसरं, फ्रँक बाऊम यांचं. टिप नावाचा मुलगा अख्खं पुस्तकभर धडपडतो आणि शेवटी कळतं की तो मुळात राजकन्या ओझमा आहे, चेटकिणीने लहानपणी लपवून मुलगा केलेला. आधी टिप नाही म्हणतो, घाबरतो, मग तयार होतो. म्हणजे जादूने मुलगी 'झाली' नाही, जादू उतरली. माझी ३९ क्रियापदं हेच सांगत होती. सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने लहान मुलांच्या पुस्तकात हे सहज लिहून टाकलं.

आणि 'मॅट्रिक्स'. हॉस्टेलला कुणाच्या तरी कम्प्युटरवर, हिंदी डबिंगमध्ये, अकरा जण एका खोलीत. सगळे मारामारी बघत होते. मी बघत होते तो सीन, खलनायक एजंट स्मिथ नायकाला रेल्वेच्या रुळावर दाबून धरतो आणि पुन्हा पुन्हा 'मिस्टर अँडरसन' म्हणतो आणि हा दात आवळून सांगतो की माझं नाव निओ आहे. मला रडू यायला लागलं आणि कळेना की फायटिंगच्या सीनला मी का रडतेय, पाणी प्यायला बाहेर गेले. तेव्हा १९९९ च्या त्या सिनेमाचे दिग्दर्शक दोघे भाऊ म्हणूनच माहीत होते. २०१२ मध्ये लाना वाचोव्स्की आणि २०१६ मध्ये लिली वाचोव्स्की यांनी जाहीर केलं की त्या ट्रान्स आहेत. २०२० मध्ये लिली यांनी सांगितलं की स्विच नावाचं पात्र मुळात खऱ्या जगात पुरुष आणि मॅट्रिक्समध्ये बाई असं लिहिलं होतं, ते पुढे राहून गेलं. बहिणी होत्या त्या. हॉस्टेलच्या त्या खोलीत मला जे समजलं होतं ते मी कल्पनेने घुसडलेलं नव्हतं. पुढे त्यांनीच 'सेन्स८' काढली, त्यात नोमी ही ट्रान्स बाई ट्रान्स अभिनेत्रीनेच केली, ती हॅकर आहे, प्रेमात आहे, तिची आई तिला जुन्या नावाने हाक मारते आणि ती सहन करून पुढे जाते, आणि तिच्या मनाशी जोडलेल्या सात जणांत एक मुंबईची कला दांडेकर आहे, चक्क फार्मसीवाली! गणपतीपुढे बसून गाऱ्हाणं सांगते. एका परदेशी मालिकेला एक दांडेकर आणि एक ट्रान्स बाई एकाच गोष्टीत बसवता आल्या, आणि आपल्याला नियमात कलम टाकावं लागतं.

बरं, मागण्या. साध्या आहेत.

नियमांतलं ते 'उदा.'वालं कलम काढा. माणसांची नावं कंसात घालून दारात थांबवू नका, कथा वाईट असेल तर वाईट म्हणा. जातिभेदाबद्दलही हेच, ते त्या कंसात का आहे याचं उत्तर दुसऱ्या कुणीतरी तुमच्याकडून घ्यावं अशी माझी इच्छा आहे.

कथा परीक्षकांकडे नाव काढून पाठवा, आणि फॉर्मवरचा लिंगाचा रकाना रद्द करा.

प्रथमपुरुषातलं पात्र स्वतःबद्दल जे क्रियापद वापरतं ते लेखकाला विचारल्याशिवाय बदलायचं नाही, ही एक ओळ प्रूफ बघणाऱ्यांच्या सूचनांत लिहा. चूक वाटली तर फोन करा, माझा नंबर तुमच्याकडे आहे.

परीक्षकांत एक तरी ट्रान्स वाचक घ्या, आणि त्याला किंवा तिला बाकीच्यांइतकंच मानधन द्या, 'विशेष निमंत्रित' म्हणून श्रीफळ देऊन घरी पाठवू नका.

लेखकाच्या शरीराबद्दल फोनवर काही विचारू नका. कुणाच्याच.

आणि शेवटची मागणी फक्त माझी स्वतःची. तीन वर्षांपूर्वीच्या त्या अंकाची पीडीएफ तुमच्या साइटवर अजून आहे, लोक डाउनलोड करतात, मला अधूनमधून मेल येतात. त्यात ती ३९ क्रियापदं मूळ होती तशी करा. यादी पान आणि ओळ क्रमांकासकट मी दुसऱ्या मेलला जोडली होती, तीच परत पाठवतेय. एखाद्या दुपारचं काम आहे. चित्र राहिलं तरी चालेल.

यंदाची वर्गणी मी अजून भरलेली नाही. दुरुस्त पीडीएफ दिसली की त्याच दिवशी जीपे करीन.

आपली,
सातवीपासूनची एक वाचक